रात्रीत बरं होणारं दुखणं : लाइव्ह मायग्रेशननंतर मंदावलेल्या व्हीएमच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

शनिवारी रात्री कर्नल अपडेटसाठी पहिला होस्ट, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात ते खरं मशीन, रिकामा केला. अकरा व्हीएम (आभासी मशीन), सगळ्या चालत्या अवस्थेत दुसऱ्या होस्टवर हलवल्या. लॉगमध्ये अकराच्या अकरा "यशस्वी". त्यातली सगळ्यात जड म्हणजे डेटाबेसची व्हीएम : १६ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), ६४ जीबी मेमरी. तिचा डाउनटाइम, म्हणजे हलताना थांबल्याचा वेळ, १८० मिलिसेकंद. व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅमची मूळ मर्यादाच ३०० आहे, त्यामुळे आकडा बघितला आणि निवांत झोपले.

आज सकाळी डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएकडून ग्राफ आला. शनिवारी रात्री २३:४० पर्यंत क्वेऱ्यांचा पी९९, म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव क्वेऱ्या जितक्या वेळात उरकतात तो आकडा, बारा मिलिसेकंदांवर सपाट. २३:४१ ला जिन्याची पायरी चढावी तसा एकोणीसवर, आणि रात्रभर तिथेच मुक्काम. रविवारी सकाळपासून हळूहळू उतरत दुपारी एकच्या सुमारास पुन्हा बारा. ग्राफखाली एकच ओळ : "तुमच्याकडे काय झालं होतं?"

मी उत्तर पाठवलं, "आता ठीक आहे ना?" पाठवून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटली. हेच वाक्य मला दुसऱ्या कुणाकडून ऐकावं लागलं की माझं डोकं फिरतं.

अजून सहा होस्ट रिकामे करायचे आहेत. म्हणजे हे दुखणं अजून सहा वेळा भेटणार. म्हणून ही वही उघडली.

४ मार्च, मंगळवार

आधी स्वस्तातले संशयित तपासले. गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, टॉप लावून स्टील (होस्टकडून सीपीयू न मिळाल्याने वाया गेलेला वेळ) बघितला : शून्य, क्वचित ०.१. म्हणजे होस्टवर सीपीयूसाठी मारामारी नाही. डिस्क त्याच सामायिक स्टोरेजवर आहे, कॅश मोड दोन्हीकडे "नन", डिस्कचा वेग मोजणाऱ्या एफआयओचे आकडे जुळले. नेटवर्कमध्ये नव्या होस्टवर व्हीहोस्ट-नेट मॉड्यूल लोड आहे ना, हे मुद्दाम पाहिलं. ते नसेल तर पॅकेट क्यूईएमयूच्या युजरस्पेसमधून जातात आणि कुठेही एरर न येता वेग पडतो. मॉड्यूल होतं. नव्या होस्टचा सीपीयू गव्हर्नर मात्र "पॉवरसेव्ह"वर निघाला. "परफॉर्मन्स" करून टाकला. ते करायलाच हवं होतं, पण रविवारी दुपारी गव्हर्नरला कुणी हात लावला नव्हता आणि तरी ग्राफ उतरला होता. म्हणजे गुन्हेगार तो नाही.

रात्री दहाला परवानगी घेऊन डेटाबेस व्हीएम परत जुन्या होस्टवर हलवली. २२:०५ ला काम पूर्ण, २२:०६ ला पायरी. अठरा मिलिसेकंद. दिशा उलटी केली तरी तेच, म्हणजे नवा होस्ट हळू आणि जुना वेगवान अशी गोष्ट नाही. हलवण्यातच काहीतरी आहे.

मग न्यूमा, म्हणजे कुठल्या सॉकेटजवळ कुठली मेमरी, याचा हिशेब दाखवणारा न्यूमास्टॅट चालवला आणि खुर्चीत सरळ बसले. एक सॉकेट म्हणजे एक नोड. व्हीसीपीयूचे थ्रेड नोड ० वर, आणि ६४ पैकी ४७ जीबी मेमरी नोड १ वर. दोन सॉकेटच्या मशीनमध्ये दुसऱ्या सॉकेटची मेमरी वाचायला जास्त वेळ लागतो, हे शाळेतलं गणित. व्हीएमच्या व्याख्येत पिनिंग (व्हीसीपीयू आणि मेमरी एकाच नोडला बांधणं) होतं, पण हलवताना नव्या होस्टसाठी वेगळी एक्सएमएल (व्याख्येची फाइल) दिली गेली आणि पिनिंग गळलं. सापडलं!

२३:३० ला व्हीसीपीयू पिन केले, मेमरी नोड ० वर ओढून घेतली. पी९९ अठराचा सतरा झाला. एवढंच? कॅशे गरम व्हायला वेळ लागत असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

५ मार्च, बुधवार

सकाळी साडेदहाला ग्राफ बारावर. डीबीएने अंगठा पाठवला. रनबुकमध्ये, म्हणजे अडचणीच्या वेळी काय करायचं त्या टिपणांत, ओळ लिहिली : "मायग्रेशननंतर मंदी आल्यास न्यूमा पिनिंग तपासा. हेच मूळ कारण." दुपारचा चहा गोड लागला.

६ मार्च, गुरुवार

तिसरा होस्ट. या वेळी एक्सएमएल आधीच दुरुस्त केली, पिनिंग जागेवर. २३:०० ला डेटाबेस व्हीएम पोहोचली. न्यूमास्टॅट आरशासारखा स्वच्छ, सगळी मेमरी नोड ० वर.

आणि पी९९ एकोणीस.

आणखी दोन व्हीएम त्याच दमाने मंद : एक मेसेज क्यूची, एक सर्चची. शिवाय एका छोट्या अ‍ॅप्लिकेशन व्हीएमचा सीपीयू वापर दुप्पट झालाय. बाकीच्यांना ढिम्म फरक नाही. घड्याळात रात्रीचा दीड. वही मिटते.

७ मार्च, शुक्रवार

झोप नीट झाली नाही म्हणून असेल, पण सकाळी डोकं वेगळ्या बाजूने चाललं. आजवर मी दरवेळी "मंदी कशाने आली" हेच विचारत होते. ग्राफमध्ये त्याहून विचित्र गोष्ट दुसरीच आहे : मंदी जाते कशाने?

पहिल्या वेळी सुमारे तेरा तासांत गेली, कुणी काही न करता. दुसऱ्या वेळी सुमारे साडेबारा तासांत, आणि त्या वेळी मध्ये मी न्यूमाचं काम केलेलं होतं. म्हणजे बुधवारच्या यशात माझा वाटा एक मिलिसेकंदाचा. उरलेलं रात्रीने केलं. मंगळवारी साडेअकराला मी पिनिंगऐवजी सर्व्हर रॅकला हळदकुंकू लावलं असतं तरी बुधवारी सकाळी ग्राफ बारावरच आला असता, आणि रनबुकमध्ये हळदकुंकवाची ओळ लिहिली गेली असती.

आज मात्र सकाळचे अकरा वाजले तरी ग्राफ सतराच्या खाली आलेला नाही. बारा तास होऊन गेले. हा तिसरा होस्ट बराच भरलेला आहे, व्हीएमची मिळून २५६ जीबी मेमरी त्यावर. याचा काही संबंध?

तर शोधायचं काय, की होस्टवर असं कोण आहे जे कुणी न सांगता, स्वतःच्या चालीने, तासन्‌तास काहीतरी दुरुस्त करत बसतं, आणि होस्ट जितका भरलेला तितकं जास्त वेळ घेतं? पेज कॅशे गरम होणं मिनिटांचं काम. आपोआप होणारं न्यूमा संतुलन पिन केलेल्या व्हीएमला लागू नाही. केएसएम (मेमरीतले सारखे तुकडे एकत्र करणारी सोय) आमच्याकडे बंद आहे. उरतो एकच. तो कर्नलचा थ्रेड इतका गुपचूप काम करतो की त्याचं नाव मी वर्षभरात एकदाही घेतलं नसेल : केह्यूजपेजडी, मेमरीचे छोटे तुकडे जुळवून मोठे करणारा.

शनिवार-रविवार ग्राफवर डोळा ठेवायचा.

१० मार्च, सोमवार

मंद झालेल्या तिघींमध्ये समान काय, हे अखेर मायग्रेशनच्या लॉगमध्ये सापडलं. शेवटच्या ओळीत नाही, मधल्या ओळींमध्ये.

नेहमीची पद्धत प्री-कॉपी. व्हीएम चालू असताना सगळी मेमरी पलीकडे पाठवायची, तेवढ्यात जी पेजं (मेमरीचे ठराविक आकाराचे तुकडे) पुन्हा लिहिली गेली ती परत पाठवायची, असं करत उरलेला ढीग छोटा झाला की क्षणभर थांबवून शेवटचं उचलायचं. पण जी व्हीएम नेटवर्कच्या वेगापेक्षा भराभर मेमरी लिहिते तिचा ढीग कधी संपतच नाही. फुटक्या रांजणात पाणी भरण्यातला प्रकार. त्यासाठी आमच्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी फार पूर्वी सोय केली आहे : पाच मिनिटांत जमलं नाही तर पोस्ट-कॉपीवर जा. म्हणजे व्हीएम लगेच पलीकडे सुरू करायची, आणि न आलेल्या पेजला तिने हात लावला की ते त्या क्षणी मागवून घ्यायचं. कर्नल ४.३ मध्ये यासाठी लागणारं यूझरफॉल्टएफडी आलं आणि क्यूईएमयू २.५ पासून ही पद्धत वापरता येते, दोन्ही २०१५ मधलं. गोष्ट नवी नाही. नवं एवढंच की मंद झालेल्या तिन्ही व्हीएम पोस्ट-कॉपीने गेल्या होत्या, आणि ठणठणीत असलेली एकही नाही.

मागवलेली पेजं यायला वेळ लागतो म्हणून मंदी, हे सरळ उत्तर इथे चालत नाही. शेवटचं पेज पोहोचायला जेमतेम दीड मिनिट लागलं होतं. मंदी तेरा तासांची.

मग त्या क्यूईएमयू प्रोसेसचं एसमॅप्स-रोलअप (मेमरीचा गोषवारा) वाचलं आणि मोठ्या पेजांत किती मेमरी आहे ते सांगणाऱ्या फक्त एका ओळीवर बोट ठेवलं : अ‍ॅनॉनह्यूजपेजेस. तिसऱ्या होस्टवरून गुरुवारी रात्री मी सवयीने घेतलेली प्रत होती, तीत ६४ पैकी १९ जीबी. आजची : ६२ जीबी. शेजारच्या प्री-कॉपीने आलेल्या व्हीएमची गुरुवारचीच प्रत : जवळपास सगळी.

म्हणजे झालं असं. होस्टवर व्हीएमची मेमरी शक्यतो २ एमबीच्या मोठ्या पेजांमध्ये बसलेली असते. पोस्ट-कॉपीवर जाताना क्यूईएमयू त्या मेमरीसाठी मोठी पेजं मुद्दाम बंद करतो, कारण शिळी झालेली ४ केबीची पेजं एकेक करून टाकून द्यायची असतात आणि मोठं पेज मध्ये आलं तर ते अचूक जमत नाही. टाकलेल्या जागी नवी पेजं ४ केबीच्या तुकड्यांनी येतात. आणि टाकली कोणती जातात? जी हलवताना पुन्हा पुन्हा लिहिली जात होती ती. म्हणजे व्हीएमचा नेमका सगळ्यात धगधगता भाग तुकड्यांत मोडतो, आणि कुणी हात न लावणारा थंड भाग मोठ्या पेजांत आरामात राहतो. ६४ पैकी १९ जीबी मोठी, हा आकडा दिसतो त्याहून वाईट आहे.

काम संपल्यावर क्यूईएमयू मोठ्या पेजांची परवानगी परत देतो. पण परवानगी दिली म्हणजे पेजं जुळली असं नाही. जुळवायचं काम केह्यूजपेजडीचं.

डीबीएला फोनवर सांगितलं तर त्यांनी रास्त शंका काढली. "अहो, पण आम्ही गेस्टमध्ये डेटाबेससाठी ह्यूज पेज राखूनच ठेवलीत. तुमच्या होस्टवर काय का असेना!" दुर्दैवाने असेना म्हणून चालत नाही. व्हीएममध्ये पत्ता दोनदा बदलतो : गेस्टचा आभासी पत्ता गेस्टच्या भौतिक पत्त्यात, आणि तो ईपीटी या पत्त्यांच्या तक्त्यामधून होस्टच्या भौतिक पत्त्यात. टीएलबी, म्हणजे प्रोसेसरमधला पत्त्यांचा कॅशे, दोन्हींचा मिळून एकच निकाल साठवतो, आणि त्याचा आकार दोघांतल्या लहान पेजाचा. गेस्टमध्ये २ एमबी आणि होस्टवर ४ केबी असेल तर हातात पडतं ४ केबी. दीड हजारच्या आसपास नोंदींचा टीएलबी २ एमबीच्या पेजांवर ३ जीबी मेमरी झाकतो, ४ केबीवर फक्त ६ एमबी. डेटाबेसची बफर मेमरी ४० जीबी. आणि टीएलबीत सापडलं नाही की पेज-टेबलं (पत्त्यांचे तक्ते) चढायची : दोन्हीकडे मोठी पेजं असतील तर जास्तीत जास्त १५ वेळा मेमरी वाचावी लागते, होस्टवर ४ केबी असेल तर १९, दोन्हीकडे ४ केबी असेल तर २४.

फोनवर थोडा वेळ शांतता. मग : "म्हणजे आम्ही घर मोठं बांधलं आणि तुम्ही प्लॉटचे तुकडे पाडलेत." हे मला आधी सुचायला हवं होतं.

११ मार्च, मंगळवार

आज फक्त गणित, पण या महिन्यातला सगळ्यात समाधानाचा अर्धा तास.

केह्यूजपेजडीच्या मूळ सेटिंग दोन. एका फेरीत ४०९६ पेजं बघायची, आणि दोन फेऱ्यांमध्ये १०,००० मिलिसेकंद झोपायचं. ४०९६ पेजं म्हणजे ४ केबीच्या हिशेबाने १६ एमबी. ६४ जीबी भागिले १६ एमबी म्हणजे ४०९६ फेऱ्या. प्रत्येक फेरीमागे दहा सेकंद, म्हणजे ४०,९६० सेकंद.

अकरा तास, बावीस मिनिटं, चाळीस सेकंद.

ही फक्त एका व्हीएमची एक प्रदक्षिणा, आणि तो थ्रेड संपूर्ण होस्टला एकच आहे. मध्ये दुसऱ्या प्रोसेसही येतात. तेव्हा ग्राफमधले साडेबारा-तेरा तास अगदी बसतात. जी पेजं आधीच मोठी आहेत त्यांच्यावरून जातानाही तो मोजणी पुढे नेतोच, सूट नाही. म्हणून तिसऱ्या होस्टवरच्या २५६ जीबीचा हिशेब : १६,३८४ फेऱ्या, साडेपंचेचाळीस तास. गुरुवारी रात्री अकरापासून मोजलं तर शनिवारी रात्री साडेआठ.

डीबीएला विचारलं, शनिवारी ग्राफ कधी सरळ झाला? उत्तर : "नऊच्या आधी."

ही मूल्यं कुणी चुकीची ठेवली असं नाही. साध्या मशीनवर केह्यूजपेजडीने सीपीयू खाऊ नये म्हणून ती मुद्दाम आळशी आहेत. तिथे पेज पहिल्यांदा लिहिलं जातानाच बहुतेक वेळा मोठं मिळतं, हा थ्रेड मागाहून फक्त राहिलेलं वेचतो. आमच्या तीन व्हीएमसाठी मात्र सगळा भार त्या वेचणाऱ्यावर आला.

१२ मार्च, बुधवार

छोटी अ‍ॅप्लिकेशन व्हीएम विसरलेच होते. ती अजून मंद आहे, सहा दिवस झाले. म्हणजे रात्रीत बरं होणारं दुखणं हे नाही. शिवाय ती प्री-कॉपीने गेली होती, मेमरी जेमतेम ८ जीबी. एकाच रात्री आलेल्या दोन तक्रारी एकाच कारणाच्या असतात हे गृहीत धरण्याचा मोह मला नेहमी होतो.

टॉपमध्ये कर्नलचा वेळ ३५ टक्के, आधी ४ असायचा. अ‍ॅप्लिकेशन प्रोसेसला एस-ट्रेस (तिने कर्नलला केलेल्या कॉल दाखवणारं साधन) लावला आणि स्क्रीन धबधब्यासारखी वाहू लागली. प्रत्येक ओळ तीच : क्लॉक-गेटटाइम, क्लॉक-गेटटाइम, क्लॉक-गेटटाइम. निरोगी मशीनवर एस-ट्रेसमध्ये ही कॉल दिसतच नाही, कारण व्हीडीएसओमुळे वेळ कर्नलमध्ये न शिरताच वाचता येते. इथे ती दिसते आहे, हेच निदान.

गेस्ट कुठलं घड्याळ वापरतंय ते सांगणारी करंट-क्लॉकसोर्स फाइल उघडली : एसीपीआय-पीएम. डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) गुरुवारी रात्रीची ओळ, टायमकीपिंग वॉचडॉगने टीएससी, म्हणजे प्रोसेसरमधलं घड्याळ, अस्थिर ठरवल्याची, कारण तफावत फार मोठी.

गोष्ट जुळली. ही व्हीएम पडली ती जुन्या पिढीच्या होस्टवर. त्याच्या प्रोसेसरची टीएससी वारंवारता वेगळी, आणि गेस्टसाठी ती मोजपट्टी बदलून देण्याची सोय, म्हणजे टीएससी स्केलिंग, त्यात नाही. गेस्टच्या लेखी घड्याळ अचानक वेगळ्या चालीने धावायला लागलं, त्याने ते काढून टाकलं आणि पुढचं उपलब्ध घेतलं. खरं तर इथे केव्हीएम-क्लॉक मिळायला हवं होतं, तेच या परिस्थितीसाठी बनवलेलं आहे. पण बूटच्या ओळीत दोन अवशेष सापडले : टीएससीची सक्ती, आणि केव्हीएम-क्लॉक बंद. कुठल्यातरी जुन्या बेंचमार्कमध्ये चार नॅनोसेकंद वाचवायला कुणीतरी घातलेले. एचपीईटी हे आणखी एक घड्याळ व्हीएमच्या व्याख्येतच बंद. उरला एसीपीआयचा टायमर, आणि त्याच्या प्रत्येक वाचनाला व्हीएममधून बाहेर पडून थेट क्यूईएमयूपर्यंत जावं लागतं. मनगटावरचं घड्याळ बघायचं सोडून दर वेळी चार मजले उतरून रखवालदाराला "किती वाजले हो?" विचारायचं. आणि हे अ‍ॅप्लिकेशन लॉगच्या प्रत्येक ओळीला वेळ विचारतं.

एकदा अस्थिर ठरलेला टीएससी रिबूटशिवाय परत विश्वासात घेतला जात नाही. म्हणून व्हीएम मूळ होस्टवर नेऊनही उपयोग नसता. बूटच्या ओळीतले दोन्ही शब्द काढले, संध्याकाळी रिबूट. केव्हीएम-क्लॉक आलं, कर्नलचा वेळ ४ टक्के, एस-ट्रेसमध्ये शांतता. बाकी सगळ्या गेस्टमध्ये हे दोन शब्द आहेत का, याची शोधाशोध सुरू केली. आणखी दोन सापडल्या.

१३ मार्च, गुरुवार

संशय आणि गणित ठीक, पण न्यूमाच्या वेळीही माझ्याकडे संशय होताच. म्हणून चाचणी. रिकाम्या होस्टवर ६४ जीबीची व्हीएम, आत ४० जीबीवर यादृच्छिक लिहिणारा छोटा प्रोग्रॅम. तीन वेळा हलवली.

प्री-कॉपी, ऑटो-कन्व्हर्ज लावून : हलताना गेस्ट अक्षरशः रांगते. ऑटो-कन्व्हर्ज व्हीसीपीयूला आधी २० टक्के रोखतो, मग १०-१० ने वाढवत ९९ पर्यंत जाऊ शकतो. पण पोहोचल्यावर मात्र पहिल्या सेकंदापासून पूर्ण वेग. मोठी पेजं ६३ जीबी.

पोस्ट-कॉपी : पोहोचल्यावर वेग ३१ टक्के कमी, मोठी पेजं १७ जीबी. पर्फ या मोजणीच्या साधनाने व्हीसीपीयू थ्रेडचे पेज-टेबलं चढण्यात गेलेले सायकल मोजले, ते तिपटीहून जास्त.

पोस्ट-कॉपी, पण लगेच केह्यूजपेजडीची झोप १०० मिलिसेकंदांवर : दहा मिनिटांत वेग पूर्ववत. मोठी पेजं वाढतात तसा वेग वाढतो, दोन्ही रेघा एकमेकींचा हात धरून.

न्यूमाला या वेळी मुद्दाम हात लावला नाही.

१७ मार्च, सोमवार

चाचणीत १०० मिलिसेकंद छान वाटले, खऱ्या डेटाबेसवर नाही. पेजं जुळवताना कर्नल ५१२ छोट्या पेजांचा मजकूर नव्या मोठ्या पेजात कॉपी करतो, आणि तेवढ्यापुरती त्या प्रोसेसच्या मेमरीवर कुलूप लागतं. हे सेकंदाला ऐंशी वेळा झालं की सरासरी सुधारते पण पी९९ ला काटे फुटतात. ५०० मिलिसेकंदांवर काटे दिसेनासे झाले. हिशेबाने २,०४८ सेकंद, म्हणजे चौतीस मिनिटं. अकरा तासांऐवजी चौतीस मिनिटं मला आणि डीबीए दोघांनाही चालतात.

दुसरी अडचण तिसऱ्या होस्टवर. झोप कमी केली तरी मोठ्या पेजांचा आकडा हलेना. मोकळ्या मेमरीचे सलग तुकडे आकारानुसार दाखवणारं बडीइन्फो बघितलं : नवव्या क्रमाचे (२ एमबीचे) आणि त्यावरचे रकाने शून्य. मोकळी मेमरी भरपूर, पण सगळी चिल्लर. २ एमबीचा सलग तुकडाच नाही. आणि मोठं पेज मिळालं नाही की केह्यूजपेजडी एका वेगळ्या सेटिंगने पूर्ण ६० सेकंद झोपतो, मी कमी केलेल्या झोपेला विचारत नाही. व्हीएम येण्याआधी होस्टवर मेमरी कॉम्पॅक्ट करायची कमांड दिली, मग सुरळीत. हे पाऊल आधी घ्यायचं. नंतर घेतलं तर तेही व्हीएमच्या डोक्यावरच बसतं.

कर्नल ६.१ पासून मॅडव्हाइज-कोलॅप्स आहे, ते थेट सांगून तिथल्या तिथे पेजं जुळवून घेतं. आमचे होस्ट सध्या त्याहून जुन्या कर्नलवर आणि अपडेटनंतरही ५ च्याच मालिकेत राहणार, म्हणून फक्त नोंद.

२० मार्च, गुरुवार

चौथा होस्ट. स्क्रिप्टमध्ये आता तीन भर : येणाऱ्या होस्टवर आधी कॉम्पॅक्ट, पोस्ट-कॉपी झाली असेल तरच झोप ५०० वर, आणि त्या व्हीएमची मोठी पेजं ९५ टक्क्यांवर गेली की झोप पुन्हा १०,०००. पायरी आली, अडतीस मिनिटांत गेली.

२५ मार्च, मंगळवार

डीबीएला आता डेटाबेस व्हीएमसाठी होस्टवर २ एमबीची पेजं आधीच राखून हवी आहेत. म्हणजे तुकडे पडण्याचा प्रश्नच मिटेल. खरं आहे, पण मग पोस्ट-कॉपीत प्रत्येक मागणीला ४ केबीऐवजी २ एमबी नेटवर्कवरून यायची वाट बघावी लागेल, आणि ज्या ज्या होस्टवर ही व्हीएम कधी जाऊ शकते त्या प्रत्येकावर ६४ जीबी अडकवून ठेवावी लागेल. राखीव पेजं नसलेल्या होस्टवर मायग्रेशन सुरूच होणार नाही. १ जीबीच्या पेजांचा विषय त्यांनी काढला तेव्हा मी फक्त विचारलं, एका फॉल्टला एक जीबी यायची वाट बघणार का? विषय तिथे थांबला. २ एमबीची चाचणी पुढच्या आठवड्यात, दोन होस्टवर.

जाता जाता रनबुक उघडलं. माझी ५ मार्चची ओळ तशीच होती, आणि इतिहासात दिसलं की मधल्या काळात रात्रपाळीच्या सहकाऱ्याने तिच्या भरवशावर एकदा मेसेज क्यूच्या व्हीएमचं पिनिंग बदललंय. सकाळी तीही बरी झाली होती, त्याने खाली "उपयोग झाला" असंही लिहून ठेवलंय. ओळ खोडली नाही. "हेच मूळ कारण" हे शब्द काढले, खाली आजची तारीख घातली आणि लिहिलं : आधी अ‍ॅनॉनह्यूजपेजेस बघा, मग करंट-क्लॉकसोर्स, मग न्यूमा. आणि जे काही बदलाल त्याच्या पुढे वेळ लिहा, मंदी गेल्याचीही वेळ लिहा. मग त्याला फोन लावला.